नैसर्गिक स्टीलहेड आणि हौशी मासेमार : गळ टाकण्याआधी, टाकताना आणि नंतर

अमेरिकेच्या वायव्येकडील सिएटल, पोर्टलँड किंवा बॉइझीच्या परिसरात राहणारा माणूस हौसेने गळ टाकू लागला, की आज ना उद्या त्याची गाठ स्टीलहेडशी पडते. हा मासा कसा पकडावा हे शिकवणारे पुष्कळ भेटतात. पकडलेला मासा पुढे जगून वीण कशी घालेल आणि ज्या नदीतून तो आला ती नदी टिकावी म्हणून आपण काय करावे, हे मात्र नवख्या माणसाला क्रमाने सांगितले जात नाही. ते सांगण्यासाठी हा लेख आहे. माझे मत आधीच मांडतो: मासा पाण्यात परत सोडला म्हणजे आपली जबाबदारी संपली, ही समजूत चुकीची आहे. वॉशिंग्टन राज्यात मासेमारीचे नियोजन करताना सोडलेल्या नैसर्गिक (म्हणजे हॅचरीत, माणसाने चालवलेल्या मत्स्यपैदास केंद्रात, न वाढलेल्या) स्टीलहेडपैकी साधारण १० टक्के मासे नंतर मरतात, असे गृहीत धरले जाते. थंड पाण्यात आणि नीट हाताळणी झाल्यास हे प्रमाण बरेच खाली येते. तापलेल्या पाण्यात आणि धसमुसळेपणाने ते खूप वर जाते. म्हणजे हा आकडा काही अंशी आपल्याच हातात आहे, आणि पुढची प्रत्येक पायरी तो खाली आणण्यासाठी आहे.

आधी मासा समजून घ्यावा

स्टीलहेड आणि रेनबो ट्राउट ही एकाच जातीची दोन जीवनरूपे आहेत. शास्त्रीय नाव दोघांचेही ऑन्कोऱ्हिंकस मायकिस. नदीच्या खडीत अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू साधारण एक ते तीन वर्षे गोड्या पाण्यात वाढते, मग त्याचे अंग चांदीसारखे होते आणि ते समुद्राकडे निघते. उत्तर पॅसिफिक महासागरात एक ते तीन वर्षे काढून ते बहुधा आपल्या जन्माच्या नदीतच परत येते. सर्वच पिल्ले मात्र समुद्रात जात नाहीत. काही नदीतच राहून रेनबो ट्राउट म्हणून आयुष्य काढतात, आणि त्यांच्या पोटी पुन्हा समुद्रात जाणारी पिल्ले निपजू शकतात. वॉशिंग्टनमधील एल्व्हा नदीने हे डोळ्यांसमोर दाखवून दिले. तिच्यावर १९१३ आणि १९२७ मध्ये उभी राहिलेली दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडण्यात आली, आणि त्यानंतर उन्हाळी स्टीलहेड पुन्हा वरच्या पात्रात दिसू लागला. धरणांच्या वर शतकभर अडकून पडलेल्या ट्राउटमध्ये तो वंश शिल्लक राहिला होता.

यातून हौशी मासेमाराने लगेच उचलण्यासारखा धडा एक आहे. किनाऱ्याजवळच्या लहान ओढ्यांत उन्हाळ्यात सहा-सात इंचांची जी 'छोटी ट्राउट' मुलांच्या गळाला भराभर लागते, ती पुष्कळदा समुद्रात जाण्याच्या तयारीतली स्टीलहेडची पिल्लेच असतात. मुलांना गळ टाकायला शिकवायचे असेल, तर अशा ओढ्यांऐवजी ज्या तळ्यांत सरकारी खात्याने मासे सोडलेले असतात तेथे न्यावे.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, पॅसिफिकमधील बहुतेक सामन मासे वीण घालून मरतात, पण स्टीलहेड मरतोच असे नाही. वीण झाल्यावर अशक्त झालेला मासा पुन्हा समुद्राकडे निघतो आणि त्यातले काही, विशेषतः माद्या, दुसऱ्यांदाही वीण घालायला परततात. वसंतात गळाला लागलेला काळपट, सडपातळ मासा 'आता कामातून गेलेला' नसतो. त्यालाही तितक्याच काळजीने सोडायचे असते. दुसरी गोष्ट हंगामाची. हिवाळी स्टीलहेड साधारण डिसेंबर ते एप्रिलमध्ये नदीत शिरतो आणि लवकरच वीण घालतो. उन्हाळी स्टीलहेड मात्र मे ते ऑक्टोबरमध्ये येतो, अंगात साठवलेल्या चरबीवर कित्येक महिने नदीच्या डोहांत काढतो आणि पुढच्या वसंतात वीण घालतो. इतक्या महिन्यांत तो एकाहून अधिक माणसांच्या गळाला लागू शकतो, आणि प्रत्येक झुंजीत खर्च झालेली शक्ती त्याला भरून काढता येत नाही.

स्टीलहेड १९६९ पासून वॉशिंग्टनचा राज्य-मासा आहे. त्याच राज्यातल्या प्युजेट साउंड या खाडीला मिळणाऱ्या नद्यांतील स्टीलहेडला २००७ मध्ये संघराज्याच्या कायद्याखाली 'धोक्यात आलेला' म्हणून संरक्षण द्यावे लागले. दक्षिण कॅलिफोर्नियातला स्टीलहेड तर १९९७ पासूनच नामशेष होण्याच्या मार्गावरील प्राण्यांच्या यादीत आहे. धरणे, जंगलतोड, रस्त्यांखालच्या अरुंद मोऱ्या, तापत चाललेले पाणी, समुद्रातली बदललेली परिस्थिती आणि एकेकाळची बेसुमार मासेमारी अशी कारणे अनेक आहेत. हौशी मासेमार त्यातला एक भाग आहे. सगळ्यात मोठा नाही, पण आपल्या वाट्याचा भाग आपल्यालाच सुधारायचा आहे.

घरातून निघण्याआधी

नियमपुस्तिका एकदा वाचून भागत नाही. वॉशिंग्टनची पुस्तिका दर वर्षी १ जुलैपासून बदलते, आणि हंगामाच्या मध्येच तातडीचे आदेश निघून ती पुस्तिकाही मागे पडते. आदल्या रात्री राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर आपल्या नदीचे नाव, तिचा नेमका टप्पा आणि त्या दिवशीचा आदेश पाहावा. एकाच नदीच्या दोन पुलांमधला भाग उघडा आणि त्याच्या वरचा बंद, असे सर्रास असते. हे आदेश नुसते कागदोपत्री नसतात. मार्च २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या किनारी नद्यांवरील स्टीलहेडचा हंगाम मुदतीआधी बंद झाला, कारण मासे अपेक्षेहून कमी आले होते. त्याआधी २०२१ च्या उन्हाळ्यात ओरेगॉनने नॉर्थ अम्पक्वासारखी नामांकित नदी बंद केली होती.

नियम समजून घेताना नैसर्गिक मासा ठेवता येतो का, हा पहिला प्रश्न असावा. वॉशिंग्टनमध्ये २०१६ पासून राज्यभर नैसर्गिक स्टीलहेड ठेवण्यास मनाई आहे. ओरेगॉनच्या नैर्ऋत्येकडील काही नद्यांत मर्यादित संख्येने तो ठेवण्याची परवानगी राहिली आहे. परवानगी असली तरी ठेवू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. वीण घालू शकणारी एक मादी हजारो अंडी देते, आणि घरच्या जेवणासाठी हॅचरीचा मासा उपलब्ध असताना तिला मारण्याचे कारण उरत नाही.

त्यानंतर पाणी पाहावे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची मापकेंद्रे नदीचा प्रवाह आणि अनेक ठिकाणी तापमानही संगणकावर दाखवतात. पाणी १८ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे सुमारे ६५ अंश फॅरनहाइटपर्यंत गेले, की स्टीलहेडसाठी गळ टाकणे थांबवावे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशाची गरज मात्र वाढलेली असते. झुंजीनंतर सावरायला त्याला तेथे वाव उरत नाही. ओरेगॉनमध्ये उन्हाळ्यात पाणी तापले की अनेक नद्यांवर दुपारी २ नंतर बंदी लागू होते. ती लागू होण्याची वाट न पाहता पाच-दहा डॉलरचा तापमापक खिशात ठेवावा आणि स्वतःच निर्णय घ्यावा. कोलंबिया नदी तापते तेव्हा स्टीलहेड हर्मन क्रीकसारख्या गार उपनद्यांच्या मुखाशी शेकड्यांनी गोळा होतात. तेथे मासा सहज मिळतो, आणि त्याच कारणासाठी तेथे गळ टाकू नये. ओरेगॉनने अशा काही मुखांवर उन्हाळ्यात बंदीही घातली आहे.

सामान निवडताना

सामानाचे एकच सूत्र आहे: मासा लवकर हातात यावा आणि गळ लवकर सुटावा. हलक्या दांडीने आणि बारीक दोरीने मोठा मासा खेळवत ठेवण्यात कौशल्य आहे, असे मानणारे लोक आहेत. ते कौशल्य माशाच्या जिवावर चालते. माशीच्या गळासाठी (म्हणजे कृत्रिम माशी बांधलेल्या गळासाठी) सात किंवा आठ 'वजनाची' दांडी (हा दांडीच्या ताकदीचा क्रमांक असतो) आणि शेवटची दोरी किमान १० ते १२ पौंडांचा ताण सोसणारी असावी. चमच्यासारखे धातूचे आमिष वापरणाऱ्यांनी त्यावरचा तीन टोकांचा गळ काढून एकाच टोकाचा गळ लावावा. आमिष म्हणून गाभोळी किंवा कोळंबी वापरली, तर मासा ती गिळायला पाहतो आणि गळ कल्ल्यांपर्यंत किंवा घशात जातो. म्हणून बऱ्याच नद्यांवर ती निषिद्ध आहे. जेथे चालते, तेथेही नैसर्गिक मासे असलेल्या पाण्यात ती टाळावी.

गळाचा उलटा काटा दाबून टाकणे ही दोन मिनिटांची गोष्ट आहे, पण ती अर्धवट केली जाते. लहान तोंडाच्या पक्कडीत गळाचे टोक समोरून धरावे, म्हणजे काटा पक्कडीच्या दोन्ही जबड्यांच्या बरोबर मध्ये येईल, आणि हळूहळू दाब द्यावा. झटका दिला तर गळाचे टोकच मोडते. मग तोच गळ सुती रुमालात टोचून सरळ मागे ओढावा. एकही धागा न अडकता तो बाहेर आला, तर काटा खरोखर दबला आहे. धागा वर आला तर पुन्हा दाबावे. वनरक्षकही तपासणीला आले की अशीच परीक्षा घेतात.

जाळी रबराची किंवा बिनगाठीची आणि खोल असावी. गाठी असलेली नायलॉनची जाळी खवल्यांवरचा बुळबुळीत थर खरवडून काढते, परांचे शेंडे फाडते, आणि त्या जागी पुढे बुरशी धरते.

पात्रात पाय ठेवताना

पावलागणिक नुकसान होऊ शकते, हे अनेक अनुभवी लोकांनाही माहीत नसते. वसंतात, म्हणजे साधारण मार्चपासून, मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरच्या बाजूची खडी उकरून त्यावर ढकलते. हे घरटे सापडते ते डोहाच्या शेवटी, जेथे पाणी उथळ होऊन खळाळाकडे वळते. भोवतालच्या दगडांवर तपकिरी शेवाळ आणि गाळ असतो. मध्येच एखाद्या छोट्या मोटारीएवढ्या लांबीचा, फिकट, धुतल्यासारखा स्वच्छ पट्टा दिसतो. त्याच्या प्रवाहाच्या वरच्या बाजूला खळगा असतो आणि खालच्या बाजूला उंचवटा. अंडी असतात त्या उंचवट्याखाली. आणि नदी ओलांडणारा माणूस पाणी तेथे सर्वांत उथळ म्हणून नेमका त्याच उंचवट्यावरून चालतो. पिल्ले खडीतून बाहेर पडेपर्यंत कित्येक आठवडे जातात, काही नद्यांत ऐन उन्हाळ्यापर्यंत. म्हणून मार्चनंतर बारीक खडीच्या जागा टाळून मोठ्या दगडांवरून चालावे, ध्रुवीकृत चष्मा लावून आधी तळ पाहावा, आणि शंका आली तर काठावर परत यावे. घरट्यावर जोडी दिसली, तर तिच्याकडे गळ टाकू नये. ती भुकेने नव्हे, तर जागा राखण्याच्या ओढीने गळावर झेपावते.

एका नदीवरून दुसऱ्या नदीवर जाताना बूट व वाटरप्रूफ विजार घासून धुवून पूर्ण वाळवावी. न्यूझीलंडची चिखलगोगलगाय डेशूट्ससारख्या नद्यांत अशाच सामानावरून पसरण्याची भीती असते.

मासा गळाला लागल्यावर

येथून पुढचे तीन-चार मिनिटे सर्वांत महत्त्वाची आहेत. दांडी डोक्यावर उभी धरण्याऐवजी आडवी, माशाच्या उलट बाजूला झुकवून धरावी आणि त्याला सतत दिशा बदलायला लावावे. तो लवकर नरमतो. मासा खाली पळाला तर जागेवर उभे राहून दोरी खेचत बसू नये, काठाने चालत त्याच्या बरोबरीला जावे. मासा आणायचा तो गुडघाभर संथ पाण्यात. कोरड्या दगडांवर ओढत आणलेला मासा डोके आपटतो. वरून काही दिसत नाही, पण तो मार जीवघेणा असू शकतो.

जाळीत आल्यावर मासा पाण्यातच ठेवावा. हातमोजे काढून हात ओले करावेत. एका हाताची पकड शेपटीच्या अगदी आधीच्या निमुळत्या भागावर, दुसरा हात छातीच्या परांच्या मागे पोटाखाली, नुसता आधारापुरता. पोट दाबू नये, कल्ल्यांत बोटे घालू नयेत. काटा दाबलेला गळ लांब चिमट्याने आला त्याच दिशेने मागे ओढला की सुटतो. गळ घशात खोल गेला असेल तर तो उपटण्याच्या भरीस न पडता दोरी गळाजवळ कापावी.

वॉशिंग्टनमध्ये जो स्टीलहेड सोडणे बंधनकारक आहे तो पाण्याबाहेर पूर्ण काढणेच बेकायदेशीर आहे, आणि हा नियम मला फार योग्य वाटतो. १९९२ मध्ये कॅनडात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रेनबो ट्राउटना थकेपर्यंत पळवले गेले. त्यांतले जे पाण्यातच राहिले त्यांच्यापैकी १२ टक्के मेले. ज्यांना नंतर ३० सेकंद हवेत धरले त्यांच्यापैकी ३८ टक्के, आणि ६० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ७२ टक्के मेले. प्रयोगशाळेतले हे आकडे नदीवर जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण दिशा स्पष्ट आहे. थकलेल्या माशाचे कल्ले हवेत एकमेकांना चिकटतात, आणि छायाचित्रासाठी घेतलेले अर्धे मिनिट त्याच्या वाट्याला असे येते. छायाचित्र हवेच असेल, तर कॅमेरा आधी सोबत्याच्या हातात तयार असावा, माशाचे तोंड व कल्ले पाण्यात असावेत, आणि पाठ वर दिसत असताना एकच टिपावे. व्हॉट्सॲपवर पाठवायला तेवढे पुरते. हवेत उंच धरलेल्या माशांची छायाचित्रे मंडळात फिरू लागली की नवशिकेही तसेच करतात, हेही ध्यानात ठेवावे. वजनकाट्याला मासा टांगू नये. दांडीवर आधीच खुणा करून ठेवल्या तर लांबी पाण्यातच मोजता येते.

सोडताना माशाचे तोंड प्रवाहाकडे करून त्याला सौम्य वाहत्या पाण्यात धरावे. पुढे-मागे हलवू नये, कारण मागे ओढल्यावर पाणी कल्ल्यांतून उलटे जाते. शेपटीत जोर आला की तो स्वतःच सुटून जातो. त्याला वेळ लागत असेल तर आपण द्यावा, घाई करू नये.

एक-दोन मासे सोडल्यावर थांबावे, असा माझा आग्रह आहे. दिवसाला दहा मासे सोडणारा माणूस नियमात राहूनही एखादा मारतो, हे आधीच्या हिशेबावरून उघड आहे. उरलेला दिवस नदीचे पाणी न्याहाळण्यात, नवी जागा पाहण्यात किंवा सोबत्याला शिकवण्यात चांगला जातो.

हॅचरीचा मासा असेल तर

पाठीवरच्या मोठ्या पराच्या आणि शेपटीच्या मध्ये एक लहान, मऊ, चरबीचा पर असतो. तो शाबूत असेल तर मासा नैसर्गिक समजून सोडावा. तो कापलेला असून त्या जागी भरून आलेला गुळगुळीत व्रण असेल, तर मासा हॅचरीचा. पर नुकताच फाटल्यासारखा दिसला किंवा ओळख पटली नाही, तर सोडावा. ही तपासणीही पाण्यातच करायची.

जेथे परवानगी आहे तेथे हॅचरीचा मासा ठेवावा, आणि हे संवर्धनाचेच काम आहे. कारण असे: ओरेगॉनच्या हूड नदीतील स्टीलहेडच्या वंशावळी तपासून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, की बंदिस्त वाढीच्या प्रत्येक पिढीगणिक माशांची नैसर्गिक नदीत पिल्ले वाढवण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. असा मासा वीण घालायला वर पोचला आणि नैसर्गिक माशाशी त्याची जोडी जमली, तर ती दुर्बलता पुढच्या पिढीत उतरते. वॉशिंग्टनमधील टॅकोमाजवळच्या चेंबर्स क्रीकचा लवकर परतणारा वाण अनेक दशके राज्यभरच्या नद्यांत सोडला गेला. त्यावरून झालेल्या दाव्यातील २०१४ च्या तडजोडीनुसार स्कॅजिट नदीत तो १२ वर्षे न सोडण्याचे ठरले.

मराठी वाचकाला याचे जवळचे उदाहरण कावेरीत सापडेल. लोणावळ्याच्या केंद्रात पैदास झालेला निळ्या पराचा महसीर कावेरीत सोडला गेला. तो तेथे फोफावला आणि कावेरीचा स्वतःचा कुबड्या महसीर मागे हटत गेला. हा कुबड्या महसीर २०१८ पासून जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. लोणावळ्याच्या केंद्राने महसीरसाठी मोठे काम केले आहे, यात शंका नाही. पण बाहेरचा मासा चांगल्या हेतूने सोडला तरी मूळच्या माशाला तो भारी पडू शकतो, आणि कावेरीत हे कोणाच्या लक्षात आले तर गळ टाकणाऱ्यांनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदींमुळे.

ठेवायचा मासा डोक्यावर एका जोरदार फटक्याने लगेच मारावा, कल्ल्याची शीर कापून रक्त वाहू द्यावे आणि बर्फात ठेवावा. मांस चांगले राहते आणि मासा तडफडत नाही.

नोंद आणि साक्ष

वॉशिंग्टनमध्ये ठेवलेल्या स्टीलहेडची नोंद जागेवरच नोंदपत्रावर करायची असते, आणि ते पत्र ३० एप्रिलपर्यंत परत द्यायचे असते. काहीच मिळाले नसले तरीही. कॅलिफोर्नियात स्टीलहेडसाठी वेगळे पत्र असते, त्याची मुदत ३१ जानेवारी. नदीकाठच्या वाहनतळावर खात्याचा कर्मचारी विचारपूस करतो, तेव्हा किती तास गळ टाकला, किती लागले, किती सोडले, हे खरे सांगावे. बढाई मारून वाढवलेला किंवा जागा लपवण्यासाठी घटवलेला आकडा थेट पुढच्या वर्षीच्या हंगामाच्या निर्णयात जातो. 'आज शून्य' हेही मोलाचे उत्तर आहे.

चोरटी मासेमारी दिसली तर भांडायला जाऊ नये. जागा, वेळ, वाहनाचा क्रमांक आणि काय दिसले ते टिपावे व राज्याच्या तक्रार-क्रमांकावर कळवावे. येथे एक इशारा आवश्यक आहे. नदीत जाळे दिसले म्हणून ते बेकायदेशीर असेलच असे नाही. १८५४-५५ च्या करारांनी मूळनिवासी राष्ट्रांनी (अमेरिकेतील आदिवासी जमातींनी) आपला मासेमारीचा हक्क राखून ठेवला, आणि १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी पकडण्याजोग्या माशांपैकी निम्म्यापर्यंतचा वाटा त्यांचा आहे असा निर्णय दिला. बिली फ्रँक ज्युनिअर यांच्यासारख्यांनी त्या हक्कासाठी वारंवार अटक पत्करली होती. नद्यांच्या पुनरुज्जीवनाचे पुष्कळ काम आज याच राष्ट्रांचे मत्स्यविभाग करतात; एल्व्हाची धरणे पाडण्यामागे लोअर एल्व्हा क्लॅलम लोकांचा दीर्घ आग्रह होता. त्यांच्याविषयी काठावर ऐकू येणारी कुरकुर पुढे पसरवू नये.

नदीपासून दूर करायचे काम

परवान्याचे शुल्क आणि सामानावरचा संघराज्याचा कर यांतून आपण आधीच पैसे देत असतो. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यामुळे तो कर मत्स्यकार्यासाठीच राखून ठेवला जातो. पण पैशांनी सगळे होत नाही.

शहरात राहणाऱ्यांनी पावसाच्या पाण्याकडे लक्ष द्यावे. मोटारींच्या टायरमधील एका रसायनापासून तयार होणारे '६पीपीडी-क्विनोन' हे द्रव्य रस्त्यावरून वाहून ओढ्यांत येते आणि कोहो जातीच्या सामनना काही तासांत मारते, हे २०२० मध्ये प्युजेट साउंडच्या परिसरातील संशोधनातून सिद्ध झाले. स्टीलहेड कोहोइतका नाजूक नाही, तरी त्यालाही हे विष बाधते. हेच पाणी माती-कंपोस्टच्या थरातून झिरपू दिले तर विषबाधा टळते; म्हणून घराच्या पन्हाळ्याखाली आणि वसाहतीच्या वाहनतळाशेजारी पाणी जिरवणारे वाफे करून घेणे हे स्टीलहेडसाठीही केलेले काम आहे. घरांच्या सोसायटीच्या बैठकीत हा विषय मांडता येतो.

रस्त्याखालच्या मोऱ्या हा दुसरा विषय. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम राहिलेल्या निकालानुसार वॉशिंग्टन राज्याला माशांची वाट अडवणाऱ्या शेकडो मोऱ्या बदलाव्या लागत आहेत. नगरपालिका व खासगी मालकांच्या मोऱ्या मात्र या आदेशात येत नाहीत. आपल्या ओढ्यावरची मोरी उंचावरून पाणी टाकत असेल, तर तिचे छायाचित्र व ठिकाण स्थानिक संवर्धन जिल्ह्याकडे (माती-पाण्याच्या जतनाचे काम पाहणाऱ्या स्थानिक संस्थेकडे) द्यावे.

जनसुनावणीत बोलण्याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, कारण जानेवारीच्या पावसात नदीवर जाऊन उभे राहणारे नागरिक फार थोडे असतात आणि त्यांतले बहुतेक हौशी मासेमार असतात. ओरेगॉनचे फ्रँक मूर हे नॉर्थ अम्पक्वावरचे वाटाडे आणि खानावळ चालवणारे गृहस्थ; जंगलतोडीमुळे उपनद्यांची झालेली दशा १९६८ च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी चित्रीकरण करून लोकांपुढे व अधिकाऱ्यांपुढे ठेवली. २०१९ च्या कायद्याने त्याच खोऱ्यातील सुमारे १ लाख एकर जंगल त्यांच्या आणि त्यांच्या पत्नी जीन यांच्या नावाने स्टीलहेडसाठी राखले गेले. स्कॅजिटचे उदाहरण वेगळ्या तऱ्हेचे आहे. तेथील वसंतातली मासेमारी २०१० पासून बंद होती. मासे पुरेसे असतील तेव्हा देखरेखीखाली, फक्त सोडण्याच्या अटीवर ती उघडावी, अशी मागणी हौशी मासेमारांनी २०१३ पासून लावून धरली, आणि संघराज्याने योजना मंजूर केल्यावर २०१८ मध्ये ती उघडली. नदी बंद ठेवा म्हणणे आणि मोजून-मापून उघडा म्हणणे, दोन्ही भूमिका संवर्धनाच्या असू शकतात. मात्र दोन्हींसाठी मोजणी लागते.

वॉशिंग्टनमध्ये नऊ सदस्यांचा मत्स्य व वन्यजीव आयोग नियमांवर लेखी मते मागवतो आणि बैठकीत दोन-तीन मिनिटे बोलूही देतो. पत्र एका पानाचे असावे. आपण कोणत्या नदीच्या कोणत्या टप्प्यावर कोणत्या महिन्यांत जातो, तेथे काय पाहिले, पाण्याचे तापमान किती मोजले, घरटी कोठे दिसली आणि कोणता एक नियम बदलावा असे वाटते, एवढेच त्यात लिहावे. होडीतून गळ टाकण्यास मनाई, आमिषावर बंदी, वीण सुरू होताच वरचे टप्पे बंद करणे, पूर्वअंदाज कमी असेल तर हंगामच न उघडणे, यांपैकी एखादी मागणी निवडून तिच्यावरच बोलावे. पत्राची प्रत आपल्या भागातील राज्य प्रतिनिधींनाही पाठवावी, कारण मोजणीसाठी लागणारा निधी विधिमंडळ मंजूर करते आणि तो कमी पडला, तर खात्याला अंदाजावर हंगाम ठरवावा लागतो.